काहिलीत कमळं

१५ मे २०२५ ला अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातलं नॉटोवे नावाचं जुनं प्लांटेशन हाऊस, म्हणजे गुलाम राबवून चालवलेल्या उसाच्या मळ्याच्या मालकाचं घर, जळून गेलं. आमच्या ह्यूस्टनच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ चार जणांनी टाकला, पांढऱ्या खांबांमधून काळा धूर निघतोय आणि अग्निशामकवाले लांबून पाणी मारतायत. खाली दोन प्रकारच्या कॉमेंट. एक, "अरेरे, काय सुंदर घर होतं, आपण फोटो काढले होते ना तिथे." दुसरी, बहुतेक इथेच वाढलेल्या पोरांची, "बरं झालं जळलं." बाहेर सोशल मीडियावर तर लोक गाणी लावून नाचत होते. मी दोन्ही प्रकारच्या कॉमेंट टाइप केल्या आणि दोन्ही खोडल्या, कारण मला दोन्ही अर्धवट वाटत होत्या आणि ग्रुपवर मोठं काही लिहिलं की कुणीतरी लगेच गुड मॉर्निंगचं फूल टाकतं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नॉटोवे जळलं याचा मला आनंद नाही, पण ते पुन्हा जसंच्या तसं बांधावं असंही मला वाटत नाही, आणि मिसिसिपी नदीच्या काठावर अशी जी घरं अजून उभी आहेत ती लग्नाचा हॉल म्हणून भाड्याने देणं बंद झालं पाहिजे.

आता हे म्हणायचा मला काय अधिकार, तर फारसा नाही, कारण पाच-सहा वर्षांपूर्वी मी स्वतः अशा एका रिसॉर्टच्या लॉनवर उभा राहून "फोटो मस्त येतील हां इथे" म्हणालोय. ते नॉटोवे नव्हतं, दुसरं होतं, नाव घेत नाही. मंडळातल्या एका कुटुंबात मुलीचं लग्न ठरलेलं, वहिनींना ह्यूस्टनचे बँक्वेट हॉल आवडत नव्हते, छत बुटकं आणि कार्पेटला वास येतो म्हणे, म्हणून आम्ही तीन गाड्या करून पाच तास ड्राइव्ह करत जागा बघायला गेलो. ओकची झाडं, त्यांच्यावरून लोंबणारं ते राखाडी शेवाळ, पांढरे खांब, खालून वर जाणारा गोल जिना, एकूण सगळं डोळ्यांत भरणारं. लॉनच्या मधोमध एक मोठं लोखंडी भांडं जमिनीत अर्धं पुरलेलं, त्यात पाणी आणि पाण्यात कमळं. वहिनी म्हणाल्या, "अय्या, किती छान, इथेच वरमाला घेऊ." इव्हेंटवाली बाई म्हणाली, हे इथलं जुनं फाउंटन.

मी ते भांडं बघितलं आणि गप्प झालो. कारण ती काहील होती, उसाचा रस उकळायची कढई.

आमचं गाव कृष्णाकाठचं, ऊसपट्ट्यातलं. आजोबांचं गुऱ्हाळ होतं, पुढे कारखाना आल्यावर बंद पडलं, पण काहील परसात पालथी पडून होती ती मी लहानपणभर बघितलीय. काठ जाड, बूड उथळ आणि गोल, आतून आगीने काळंनिळं झालेलं. रात्री हॉटेलवरून बाबांना व्हिडिओ कॉल केला आणि तो फोटो दाखवला, तर ते लगेच म्हणाले, "ही काहील आहे की रे. पण आपल्यापेक्षा खोल दिसतीय. कुणाचं गुऱ्हाळ तिथं?" कुणाचं गुऱ्हाळ! एवढ्या दिवसात तिथे कुणी हा प्रश्न विचारला असेल असं मला वाटत नाही.

तर उत्तर असं. लुइझियानाच्या या पट्ट्यात १७९५ मध्ये एतिएन द बोरे नावाच्या जमीनदाराने उसाच्या रसापासून दाणेदार साखर धंदा म्हणून काढून दाखवली आणि मग नदीच्या दोन्ही काठांना उसाचं पेव फुटलं. पद्धत अशी, की चार-पाच काहिली एका ओळीत एकाच भट्टीवर, मोठीपासून लहानपर्यंत, त्यांना फ्रेंच नावं होती, ग्रांद, फ्लांबो, सिरोप, बातरी. रस पहिल्या काहिलीत ओतायचा, उकळला, मळी काढली की लांब दांड्याच्या पळ्याने उचलून दुसरीत, मग तिसरीत, आणि शेवटच्या लहान काहिलीत तो घट्ट व्हायचा. हे सगळं उघड्या उकळत्या रसाशेजारी उभं राहून, हाताने, आणि हंगामात रात्रंदिवस. ऊस तोडला की रस खराब व्हायला लागतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको, आणि लुइझियानात वर हिवाळ्यातल्या थंडीची भीती, ऊस गोठला की संपला. म्हणून ऑक्टोबरपासून पुढे सगळं गाळप उरकायचं, आणि ते उरकणारी माणसं मालकाने विकत घेतलेली. व्हर्जिनिया-मेरीलँडकडच्या गुलामांना लुइझियानाला विकले जाण्याची धास्ती वाटायची ती उगाच नाही.

आणि याच धंद्यातला सगळ्यात हुशार माणूस कोण, तर नॉर्बेर रिल्यू. न्यू ऑर्लिन्सला १८०६ मध्ये जन्म, वडील गोरे, आई स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई, शिक्षण पॅरिसला. एका बंद भांड्यातली वाफ पुढच्या भांड्याला उष्णता देते आणि दाब कमी केला की रस कमी तापमानाला उकळतो, हे त्याने बसवलं, १८४३ मध्ये पेटंट घेतलं. त्या उघड्या काहिली, ते पळे, ते भाजणं हळूहळू मागे पडलं. कोल्हापूर-सांगलीच्या कुठल्याही कारखान्यात जा, बॉयलिंग हाऊसमध्ये रस आटवणारे जे इव्हॅपोरेटर एकापुढे एक उभे दिसतात त्यांचं तत्त्व या माणसाचं आहे. आमच्या शाळेची सहल दर दोन वर्षांनी कारखान्यावर जायची, चिटबॉयपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांची नावं आम्हाला पाठ होती, पण हे नाव मी पंचेचाळिशीत ऐकलं. असो.

नॉटोवेकडे परत येतो. जॉन हॅम्पडन रँडॉल्फ नावाच्या साखर-जमीनदाराने ते बांधलं, १८५९ ला पूर्ण झालं. आर्किटेक्ट हेन्री हॉवर्ड, मूळचा आयर्लंडचा. ६४ खोल्या, साधारण ५३,००० चौरस फूट, दारंखिडक्या मिळून ३६५ असं गाइड सांगायचे. घरात गॅसचे दिवे, नळाचं पाणी, नोकरांना बोलवायच्या घंटा. अमेरिकेतल्या गृहयुद्धाच्या आधीच्या काळातलं दक्षिणेतलं उभं असलेलं सगळ्यात मोठं घर, अशी त्याची ख्याती. आणि १८६० च्या नोंदीप्रमाणे रँडॉल्फकडे ६,२०० एकर जमीन आणि १५५ गुलाम. एक नाचायचा हॉल पूर्ण पांढरा, भिंती पांढऱ्या, छत पांढरं, जमीनसुद्धा पांढरी. त्या फरशीचा विचार करा जरा. चिखलाच्या नदीकाठी पांढरी जमीन म्हणजे रोज पुसायला किती हात लागत असतील. श्रीमंती दाखवायची हीच पद्धत होती, पांढरं ठेवायला माझ्याकडे माणसं आहेत.

म्हणून मी म्हणतो की ही घरं नुसती बघायची नसतात, वाचायची असतात, आणि ज्याला वाचता येतात त्याला ती मालकाविरुद्धच साक्ष देतात. या पट्ट्यात दोन तऱ्हेची घरं दिसतात. जुनी क्रिओल, म्हणजे इथल्या जुन्या फ्रेंच वसाहतवाल्यांच्या, पद्धतीची, जमिनीपासून वर उचललेली, खाली विटांचे खांब, वर लाकडाचा सांगाडा आणि मधे माती आणि ते झाडावरचं शेवाळ कालवून भरलेल्या भिंती. आपल्याकडे कुडाची भिंत लिंपतात त्याचा लांबचा भाऊच. पॅसेज वगैरे भानगड नाही, एका खोलीतून दुसरीत किंवा मग बाहेरच्या रुंद गॅलरीतून जायचं, छप्पर उंच आणि उतरतं, पूर आला, ऊन तापलं, सगळ्याला उत्तर घरातच. ही घरं मला मनापासून आवडतात, त्यात डोकं आहे. व्हेशेरी गावचं १८०५ चं लॉरा हे त्यातलं. मग साखरेचा पैसा वाढला, अमेरिकन लोक आले आणि ग्रीक देवळासारखे खांब सुरू झाले. तेही संगमरवराचे नाहीत बरं का, विटांचे, वरून गिलावा करून पांढरे रंगवलेले. ओक ॲली नावाच्या प्लांटेशनला असे २८ खांब आणि समोर २८ ओकची झाडं. लोकशाहीच्या जन्मभूमीची नक्कल करायची आणि मागच्या अंगाला माणसांच्या खोपटांची रांग, हा विनोद त्या काळात कुणाला कळला की नाही कुणास ठाऊक.

यातली सगळ्यात अंगावर येणारी वस्तू मला लुइझियानात नाही, शेजारच्या मिसिसिपी राज्यात नॅचेझला दिसली. मेलरोज नावाचं घर, आता नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. जेवणाच्या टेबलावर छतातून एक भलीमोठी महोगनीची नक्षीदार फळी टांगलेली आणि तिला दोरी. गाइड म्हणाली, याला पंका म्हणतात. मी म्हटलं, पंखा? ती म्हणाली हो, शब्द इंडियातलाच आहे. जेवणाऱ्यांना वारा लागावा, माश्या बसू नयेत म्हणून एक गुलाम मुलगा कोपऱ्यात उभा राहून ती दोरी ओढत बसायचा, सगळ्यांचं जेवण होईपर्यंत. आपला शब्द, गोऱ्या साहेबाच्या हिंदुस्थानातल्या बंगल्यातून निघून, कसा कुठे पोचला बघा. त्या पोराला टेबलावरचं सगळं ऐकू येत असणार, कुठल्या शेतावर कोण जास्त झालंय, कुणाला विकायचं हेसुद्धा, आणि जेवणारे त्याच्यासमोर बोलत असणार कारण तो त्यांच्या लेखी तिथे नव्हताच. नॉटोवेच्या घंटांचंही तेच, नोकर दिसू नये पण घंटा वाजली की हजर व्हावा, यासाठी केलेली रचना.

आता ही घरं कुणी बांधली, तर आर्किटेक्टचं नाव सगळ्यांना माहीत. नॉटोवेसाठी सायप्रसचे ओंडके तोडून वर्षानुवर्षं पाण्यात मुरवले, मग वाळवून कापले, विटा तिथेच पाडून भाजल्या, हे काम गुलामांनी केलं. ओक ॲलीवर आंत्वान नावाचा गुलाम माळी होता, आडनाव नोंदीत नाही. त्याने १८४६ च्या सुमाराला पिकन अक्रोडाचं कलम यशस्वी करून दाखवलं, कवच पातळ, हाताने फुटेल असं. त्याच झाडांच्या फळाला पुढे १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं आणि जातीला नाव पडलं सेंटेनियल. आंत्वानचं नाव पडलं नाही. आपल्याकडे हापूसच्या कलमावर जीव टाकणाऱ्या कुठल्याही कोकणी माणसाला विचारा की हे किती जिकिरीचं काम आहे, दहा कलमं बांधली तर किती धरतात.

लग्नाचा मुद्दा. प्लांटेशनवरच्या लग्नांचा इथे मोठा धंदा आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये कलर ऑफ चेंज या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेने मागणी लावून धरल्यावर पिंटरेस्टसारख्या साइटनी अशा लग्नांची जाहिरात आवरती घेतली. हॉलिवूडचे नट-नटी रायन रेनॉल्ड्स आणि ब्लेक लाइव्हली यांनी २०१२ ला साउथ कॅरोलायनाच्या बून हॉल प्लांटेशनवर लग्न केलं होतं, त्याबद्दल रायनने २०२० मध्ये माफी मागितली. तरी धंदा चालू आहे आणि आपले देशी लोक त्यात मागे नाहीत, उलट आपल्याला चारशे पाहुण्यांची जागा लागते आणि ती प्लांटेशनवर आयती मिळते.

यावर आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचं म्हणणं, की "अहो, जगातली कुठली जुनी वास्तू घामाशिवाय बांधलीय? ताजमहाल बघायला जाता ना? आपले वाडे काय मालकांनी स्वतः विटा उचलून बांधले?" मुद्दा खोटा नाही आणि मी त्याला उडवून लावणार नाही. वाड्यांच्या बाबतीतही हा प्रश्न आपण विचारायला हवा, विचारत नाही हे खरं. पण एक फरक आहे. वाडा हे राहायचं घर होतं, किल्ला लढाईसाठी होता. प्लांटेशन हा माणसांना आयुष्यभर, पिढ्यान्‌पिढ्या, विकत घेऊन राबवायचा कारखाना होता आणि मोठं घर हे त्या कारखान्याचं ऑफिस. दुसरं म्हणजे ज्यांचे पणजोबा तिथे राबले ते लोक आजही त्याच गावांत राहतात, त्या गेटवरून रोज कामाला जातात. त्यांच्या डोळ्यांसमोर आपण बँड लावून नाचायचं का, एवढाच प्रश्न आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये बातमी आली होती की महाराष्ट्रातले पंचवीसेक किल्ले हॉटेल आणि लग्नसमारंभासाठी भाड्याने देणार, तेव्हा हेच काका सगळ्यात आधी पेटून उठले होते, सरकारला खुलासा करावा लागला होता की शिवरायांशी संबंधित किल्ल्यांना हात लावणार नाही. तिथे आपल्याला कळतं की काही जागांवर डीजे लावायचा नसतो. आपल्याकडे ती जागा अभिमानाची असते म्हणून कळतं. दुःखाची असली, आणि ते दुःख दुसऱ्याचं असलं, की आपल्याला फक्त लॉन दिसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, पैशाचा. ६४ खोल्यांचं घर, दमट हवा, वाळवी, दरवर्षी वादळं, छप्पर गळायला लागलं की लाखो डॉलर. लग्नं बंद केली तर देखभाल कोण करणार? यावर माझ्याकडे व्हिटनी आहे. वॉलेस गावाजवळची ही प्लांटेशन, जर्मनीहून आलेल्या हायडेलने १७५२ मध्ये सुरू केलेली, आधी नीळ, मग ऊस. न्यू ऑर्लिन्सचे वकील जॉन कमिंग्ज यांनी ती विकत घेऊन स्वतःचे पैसे ओतले आणि डिसेंबर २०१४ ला फक्त गुलामांच्या बाजूने गोष्ट सांगणारं म्युझियम म्हणून उघडली, सेनेगलचे इतिहासकार इब्राहिमा सेक यांना सोबत घेऊन. आम्ही गेलो तेव्हा गळ्यात अडकवायला एक कार्ड दिलं, त्यावर एका माणसाचं नाव आणि त्याचे शब्द, लहानपणी गुलाम असलेल्या माणसांच्या १९३० च्या दशकात मुलाखती घेतल्या होत्या त्यातले. तिथेही काहिली आहेत, पण काहिली म्हणून. काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर नावं, लाखाच्या वर, लुइझियानातल्या गुलामांच्या नोंदींतून काढलेली, बहुतेक नुसती पहिली नावं. आणि मोठं घर सगळ्यात शेवटी दाखवतात. तोपर्यंत दोन तास उन्हात फिरून झालेलं असतं आणि त्या गॅलरीच्या सावलीत पाय ठेवला की आधी थंडगार वाटतं आणि मग लगेच लाज वाटते. एवढं मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. तिकीट काढून लोक येतात, २०२१ च्या आयडा वादळात भरपूर नुकसान होऊनसुद्धा ते परत उघडलं. म्हणजे लग्नाशिवाय चालतं. सगळ्यांचं चालेल असं नाही, पण "दुसरा मार्गच नाही" हे खोटं आहे.

"बरं झालं जळलं" म्हणणाऱ्या पोरांवर मला राग नाही. बातम्यांमध्ये आलं होतं की नॉटोवेच्या वेबसाइटवर आवारातल्या ओकच्या झाडांची तपशीलवार माहिती होती आणि गुलामांबद्दल जवळपास काहीच नव्हतं. झाडांना मान आणि माणसांचा पत्ता नाही, मग त्या माणसांच्या पणतवंडांनी टाळ्या वाजवल्या तर तक्रार कुणाकडे करणार? फक्त मला एवढंच वाटतं, की जळलं ते रँडॉल्फचं कमी आणि त्या विटा पाडणाऱ्यांचं जास्त. त्या सायप्रसवर रंधा फिरवणारा कोण होता त्याचं नाव राहिलं नाही, त्याचं काम तेवढं राहिलं होतं, तेही गेलं.

आणि म्हणूनच ते पुन्हा बांधू नये. मालकांनी आगीनंतर बांधायची इच्छा बोलून दाखवली. अशी गोष्ट सांगतात की रँडॉल्फने घर झाल्यावर नकाशे नष्ट केले, कुणी दुसरं तसंच बांधू नये म्हणून. खरंखोटं देव जाणे, पण नकाशा मिळाला तरी काय होणार आहे? नवीन विटा भट्टीवरून येतील, ट्रकने. खांब उभे राहतील, हॉल परत पांढरा होईल, आणि जी एक गोष्ट त्या घराकडे खरी होती, त्या हातांची खूण, ती नसेल. उरेल तो निव्वळ सेट. कुणी म्हणेल लॉरा २००४ च्या आगीत जळालं होतं ते नाही का परत उभं केलं? केलं, आणि चांगलं केलं, पण तिथे मूळ सांगाड्याचा बराच भाग वाचला होता, शिवाय मागे गुलामांची खोपटं अजून आहेत, त्यात १९७० च्या दशकापर्यंत माणसं राहत होती, आणि त्यांच्याकडून ऐकलेल्या सशाच्या गोष्टी लोकांनी लिहून ठेवल्यात. तिथे घर गेलं असतं तरी गोष्ट राहिली असती.

खरं तर मोठ्या घरांपेक्षा मला काळजी त्या खोपटांची आहे, कारण ती कधीच कुणी जपली नाहीत. गृहयुद्धानंतर पडली, मोडली, जमिनी मोठ्या आणि थेट नदीला लागून, म्हणून नंतर केमिकल कंपन्यांनी उचलल्या. आज बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स ८५ मैल, ऊस, टाक्या, चिमण्या, ऊस, असं चित्र आहे आणि लोक त्याला कॅन्सर ॲली म्हणतात. धूर खाणारे कोण, परत तेच. पण २०२४ मध्ये एक चांगली गोष्ट झाली, लाप्लास गावचं वुडलँड प्लांटेशन हाऊस, जिथून जानेवारी १८११ ला गुलामांचं मोठं बंड सुरू झालं, ते जो आणि जॉय बॅनर या जुळ्या बहिणींच्या संस्थेने विकत घेतलं. त्या स्वतः या पट्ट्यातल्या गुलामांच्या वंशातल्या. चावी कुणाकडे आहे यावर घराची गोष्ट कशी सांगितली जाणार ते ठरतं. विमा कंपनीचे पैसे मिळाले तर नॉटोवेच्या जागेवरही असंच काही व्हावं, राख आहे तिथे राहू द्यावी, चौथरा उघडा ठेवावा आणि मागे जिथे वस्ती होती तिथे आधी खणून बघावं.

हे लिहिताना राहून राहून गावाकडचं आठवतं. गुलामीशी तुलना करत नाहीये, माणूस विकत घेणं ही वेगळीच गोष्ट आहे. पण आमच्या शिवारात दरवर्षी बीडकडून कोयते यायचे, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशोब. मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोडायचं. पाचट आणि ताडपत्रीच्या कोप्या टाकायचे रस्त्याकडेला, पोरं तिथेच, गाळप संपलं की कोप्या मोडून गाड्या परत. चार दिवसांनी तिथे चुलीची काळी दगडंसुद्धा दिसायची नाहीत. कारखान्याच्या गेटवर संस्थापकांचा पुतळा आहे, गेस्ट हाऊस आहे, वर्धापनदिनाची स्मरणिका निघते. उद्या कुणी माझ्या गावात येऊन विचारलं की ऊस तोडणारे राहायचे कुठे, तर दाखवायला माझ्याकडे काय आहे?

त्या लग्नाचं सांगायचं राहिलं. परत येताना गाडीत मी वहिनींना काहिलीचं सांगितलं, जरा घाबरतच, म्हटलं यांना वाटेल शुभकार्यात अपशकुन करतोय. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मुलीनेच मागून विचारलं, "काका, म्हणजे ते फाउंटन नाहीये?" नाही म्हटलं. लग्न शेवटी ह्यूस्टनच्या त्याच बुटक्या छताच्या हॉलमध्ये झालं. कार्पेटला वास होताच. फोटोग्राफर शेवटपर्यंत कुरकुरत होता की मागे काहीतरी चांगलं हवं होतं.